मीटर रूममध्ये राहणारे फौजी काका: यांना कुठलं प्रशिक्षण मिळेल, कुठे मिळेल?

खाडीकाठची (ऐरोली), रविवार, रात्री १०:५०

नमस्कार. लांबलचक लिहितेय, पण पूर्ण वाचा ही विनंती. हाताशी जेमतेम महिना आहे.

आमच्या सोसायटीत रात्रपाळीला एक वॉचमन काका आहेत, वय ५१. दोन वर्षं रोज दिसतात, पण “काका, पार्सल आलंय का?” यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी लाइट गेली आणि जनरेटर चालू होईना. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या आजी अडकलेल्या, मेंटेनन्सवाला फोन उचलेना. काका आले, टॉर्च माझ्या हातात देऊन म्हणाले, “मॅडम, इथे धरा.” कोणाच्या तरी गाडीतून बारा-तेराचा पाना मागवला, फिल्टरजवळचा एक स्क्रू ढिला केला आणि छोटा हातपंप मारायला लागले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. “एअर धरली होती,” एवढंच बोलले. स्क्रू आवळला, हात पुसले, बटण दाबलं. पहिल्या झटक्यात जनरेटर सुरू.

त्या रात्री पहिल्यांदा मी त्यांना नीट विचारलं. बॉम्बे सॅपर्स, म्हणजे लष्कराचे इंजिनिअर, खडकी. ट्रेड इलेक्ट्रिशियन. सतरा वर्षं नोकरी, नायक म्हणून बाहेर पडले तेव्हा वय ३६. गाव साताऱ्याच्या माण तालुक्यात, जमीन कोरडवाहू, भाऊ कसतो. बायको सहा वर्षांपूर्वी गेली. मुलीचं लग्न कर्ज काढून केलं. कोपरखैरण्यात गावच्या माथाडी मंडळींबरोबर एका खोलीत राहायचे, ती इमारत पुनर्विकासाला गेली आणि पाच जण पाच दिशांना पांगले. जूनपासून काका आमच्या मीटर रूममध्ये राहताहेत. पुठ्ठा, वर सतरंजी, उशाशी काळी लोखंडी ट्रंक. ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने आर्मी नंबर आणि नाव लिहिलंय. रंग उडत आला की ते स्वतः ब्रश घेऊन पुन्हा गिरवतात.

आता पुढच्या महिन्यापासून सोसायटीची एजन्सी बदलतेय. नव्या एजन्सीला पंचेचाळीसच्या आतली माणसं हवीत. कमिटीचं म्हणणं, मीटर रूममध्ये कोणी राहायचं नाही. ते म्हणणं बरोबर आहे, आग लागली तर काय होईल याचा विचारही करवत नाही. पण म्हणजे एक तारखेला काकांची नोकरीही जाणार आणि छप्परही.

पेन्शनबद्दल विचारलं तर म्हणाले, “वर्षभर येत नाही. बँकेने कर्जात वळती केली असेल.” मला ते पटलं नाही. कोणीतरी सुचवलं की माजी सैनिकांसाठी मोफत कॉम्प्युटर कोर्स असतो, तो करून द्या. काकांना कॉम्प्युटर कोर्सने काय होणार, मला कळत नाही. ज्यांना यातलं माहीत आहे त्यांनी सांगा.

मेकॅनिक_निवृत्त (कळवा), रविवार, रात्री ११:३५

ताई, जय हिंद. मी ईएमईतून, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागातून, नायब सुभेदार म्हणून निवृत्त. प्रशिक्षणाचं नंतर बोलू. आधी पेन्शन.

कर्जाचा हप्ता कापला तरी पासबुकात पेन्शन जमा झालेली दिसते आणि मग हप्ता वजा होतो. जमाच होत नसेल तर बँकेचा संबंध नाही. माझा अंदाज, हयातीचा दाखला राहिलाय. पूर्वी आपण बँकेत जाऊन सही करायचो. आता संरक्षण खात्याच्या पेन्शनी ‘स्पर्श’ या ऑनलाइन पोर्टलवर गेल्या, कारभार प्रयागराजहून चालतो. दाखला दर वर्षी द्यावा लागतो, नाही दिला की पेन्शन थांबते. सूचना येते ती नोंदवलेल्या मोबाइलवर. काकांचा तो नंबर चालू आहे का, ते विचारा. दहातल्या सहा केसेसमध्ये जुना नंबर बंद पडलेला मी स्वतः पाहिलाय.

करायचं असं: आधार, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) नंबर, चालू मोबाइल. ‘जीवन प्रमाण’ ॲपवर चेहरा दाखवूनही दाखला होतो, नाहीतर सामायिक सुविधा केंद्रात बोटांचे ठसे देऊन. एक चूक हमखास होते. पेन्शन वितरण करणारी संस्था म्हणून लोक आपली बँक निवडतात. बँक नाही, ‘स्पर्श’ निवडायचं. चुकीचं निवडलं तर पावती मिळते, माणूस निर्धास्त होतो आणि पेन्शन काही सुरू होत नाही. थांबलेल्या महिन्यांचे पैसे बुडत नाहीत, थकबाकीसकट येतात.

दुसरं, डिस्चार्ज बुक आणि आधारवरचं नाव ताडून बघा. आमच्या पिढीत बुकात वडिलांचं नाव कुठे आहे, कुठे नाही, आडनावाचं स्पेलिंग क्लार्कने ऐकलं तसं लिहिलेलं. त्यावरून अडतं.

वस्तुस्थिती (ठाणे पश्चिम), सोमवार, सकाळी ७:२०

काकांबद्दल वाईट वाटलं. तरी एक प्रश्न मनापासून विचारतो, राग मानू नका. सैनिकांना पेन्शन आहे, कॅन्टीन आहे, ईसीएचएस ही उपचारांची योजना आहे, आरक्षण आहे. तीन हात नाक्याच्या पुलाखाली झोपणाऱ्या नाका कामगाराला यातलं एकही नाही. मग वेगळा विचार फक्त सैनिकाचाच का?

निवारा_रात्रपाळी (ठाणे), सोमवार, सकाळी ९:१०

वस्तुस्थिती, तुमचा प्रश्न रास्त आहे. मी शहरी बेघरांच्या निवाऱ्यात काम करते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले, त्यानंतर शहरांमध्ये दर लाख वस्तीमागे शंभर जणांचा एक कायमचा निवारा हा निकष ठरला. ठाण्याची आणि नवी मुंबईची लोकसंख्या डोळ्यांसमोर आणा, म्हणजे खाटा किती कमी पडतात ते कळेल. नाका कामगाराचं दुःख कमी आहे असं इथे कोणीच म्हणत नाही.

पण ज्या माणसाचे हक्काचे पैसे प्रयागराजला अडकून पडलेत त्याला खाटेची गरज नाही, ते पैसे सुटण्याची गरज आहे. ते सुटले की तो स्वतःची खोली घेतो आणि ती खाट तुमच्या नाका कामगाराला मिळते. मला हे दोन प्रश्न एकमेकांविरुद्धचे वाटत नाहीत.

आणि ही माणसं स्वतःहून सांगत नाहीत. जनगणनेत २०११ साली देशात १७.७ लाख बेघर मोजले गेले, त्यात ‘माजी सैनिक आहात का’ असा रकाना नव्हता. आमच्या नोंदवहीतही नाही. मला कळलं ते एका चादरीवरून. आमच्याकडे एक आजोबा आले होते. सकाळी उठले की घोंगडी, चादर, उशी यांची घडी अशी करायचे की चारही कडा एका रेषेत, वर चादरीची पट्टी. बाकीच्यांच्या चादरी गोळा होऊन पडलेल्या असायच्या. आठवडाभर पाहून विचारलं, “बाबा, तुम्ही कुठे होतात?” बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “युनिटचं नाव इथे घेऊ नका. तिथे कोणाला कळायला नको.” लाजेपायी चार वर्षं त्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी चढली नव्हती. ते आजोबा बिनपेन्शनचे होते, वय ६८. अशांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची दारिद्र्य अनुदानाची योजना आहे: हवालदार हुद्द्यापर्यंतचे, पेन्शन नसलेले, वय ६५ च्या पुढे. तेव्हा महिना ४,००० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या अर्जांना ८,००० झालेत. पैसा ध्वजनिधीतून येतो, तोच ७ डिसेंबरचा, शाळेत आपण छोटे झेंडे विकायचो तो. अर्ज आम्ही केला, आजोबांनी फक्त सही केली.

खाडीकाठची, प्रशिक्षणाबद्दल माझा अनुभव सांगते. आमच्याकडून सहा जणांना शिलाई, प्लंबिंग, कॉम्प्युटर अशा वर्गांना पाठवलं. वर्ग दहा ते पाच. त्या वेळेत माणूस नाक्यावर उभा राहिला तर रात्रीचं जेवण मिळतं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत चार जण गळाले. लोक म्हणतात, यांना शिकायचंच नसतं. पोट कसं भरायचं हे न ठरवता वर्गात बसवलं, ती चूक आमची होती.

मेकॅनिक_निवृत्त (कळवा), सोमवार, दुपारी १:०५

आता प्रशिक्षणाचं लिहितो. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, तुटक वाटेल.

पुनर्वसन महासंचालनालय, म्हणजे आपण ज्याला डीजीआर म्हणतो, ते निवृत्तीच्या तोंडावर असलेल्यांना कोर्स देतं. जवान आणि जेसीओंची (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) फी पूर्ण सरकार भरतं, अधिकाऱ्यांना काही वाटा स्वतः भरावा लागतो. योजना चांगली आहे आणि तिच्यातून उभे राहिलेले लोक मी पाहिलेत. अडचण वेळेची आहे. कोर्स करायचा तो निवृत्तीच्या आधी, आणि तेव्हा माणूस असतो कुठे? माझं नाव एका कोर्सला लागलं तेव्हा आम्ही फील्डमध्ये होतो. पास रस्त्यात बंद, बदली माणूस आला नाही, कोर्सची तारीख गेली. शेवटी जो मिळाला तो सिक्युरिटीचा. मी एकवीस वर्षं गाड्यांची इंजिनं उतरवली-चढवली आणि सिव्हिलमध्ये पहिलं काम मिळालं गेटवर वही लिहायचं. बारा तासांची ड्युटी, महिन्यात दोन सुट्ट्या. साहेब लोक म्हणायचे, “फौजी आहे, इमानदार आहे, गेटवर बसवा.” इमानदार आहे हे खरंच. पण इंजिनही येतं, ते कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण सांगायचं कसं तेच माहीत नव्हतं.

दोन वर्षांनी जुन्या युनिटमधला एक जण न्हावा शेवा बंदराच्या बाजूला कंटेनर यार्डात भेटला. त्याने माझी गाठ यार्डाच्या वर्कशॉपशी घालून दिली. आज अकरा वर्षं तिथे आहे, अवजड फोर्कलिफ्ट आणि कंटेनर उचलणाऱ्या रीच स्टॅकरची दुरुस्ती बघतो. मला यातलं काहीही नव्याने शिकावं लागलं नाही. हायड्रॉलिकचे नवे भाग दीड महिन्यात समजले. अडलं होतं ते कागदावर.

म्हणून माझं स्पष्ट मत. काकांना नवीन काही शिकवायला जाऊ नका. हातात आहे त्याला सिव्हिलमध्ये चालेल असा कागद मिळवून द्या. लष्करातले ट्रेड आणि सिव्हिलचे ट्रेड यांची जोडणी डीजीआरने करून ठेवलेली आहे. डिस्चार्ज बुकात त्यांचा ट्रेड, क्लास, केलेले कोर्स सगळं असेल. ते पान आधी बघा.

सॅन_डिएगोचा_ठाणेकर, सोमवार, दुपारी ३:४०

मूळचा नौपाड्याचा, वीस वर्षं इथे. या विषयाशी माझा रोजचा संबंध आहे, इथल्या एका संस्थेत शनिवारी मदतीला जातो.

अमेरिकेत बेघर माजी सैनिक ही मोठी जखम आहे. २०१० च्या जानेवारीत एका रात्रीच्या मोजणीत ७४ हजारांच्या वर सापडले होते. २०२४ मध्ये ३२,८८२. निम्म्याहून खाली आले ते दोन गोष्टी एकत्र केल्यामुळे. एक, घरभाड्याचं व्हाउचर आणि त्यासोबत माणसाच्या पाठीशी उभा राहणारा कार्यकर्ता. दोन, कामगार खात्याचा एक कार्यक्रम, १९८७ पासून चालू आहे, फक्त बेघर किंवा बेघर होण्याच्या बेतात असलेल्या माजी सैनिकांना कामाला लावण्यासाठी. पैसा थेट स्थानिक संस्थांना जातो आणि हिशेब घेतला जातो तो ‘किती जण कामाला लागले, किती टिकले’ याचा. नुसती प्रमाणपत्रं वाटून भागत नाही.

सॅन डिएगोत १९८८ मध्ये व्हिएतनामच्या माजी सैनिकांनी पहिलं ‘स्टँड डाउन’ भरवलं. लढाईतून पलटण मागे घेऊन विश्रांती देतात, त्यावरून नाव. मैदानात तंबू ठोकायचे, बेघर सैनिकाने यायचं, एका ठिकाणी आंघोळ, दाढी, डॉक्टर, ओळखपत्र, वकील, नोकरीचं टेबल. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझं काम होतं बूट वाटायचं. एक माणूस नवे बूट घालून अर्धा तास नुसता उभा होता. मला तेव्हा कळलं नाही, नंतर तिथल्या ताईंनी सांगितलं: बूट फाटके म्हणून तो दोन वर्षं एकाही मुलाखतीला गेला नव्हता.

आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे हे मी जाणतो. आपल्या बहुतेक जवानांना पेन्शन आहे, गाव आहे, भाऊबंद आहेत. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. एका माणसामागे एक माणूस. आज काकांना सहा खिडक्या फिराव्या लागतील, आणि प्रत्येक खिडकी आपापलं काम बरोबर करेल. तरी सहाव्या खिडकीपर्यंत ते पोचणार नाहीत.

घणसोलीची_वहिनी, सोमवार, रात्री ९:१५

मी बोलू का? माझे मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीत होते, हवालदार. आम्हीही साताऱ्याकडचेच.

वरच्या पोस्ट वाचून डोळे भरून आले, कारण सगळं घरात पाहिलंय. घरी आले तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे. मुलं तिसरीत आणि सहावीत. पहिले चार महिने माणसं भेटायला येत होती, सत्कार, हारतुरे. मग कोणी येईना. पहाटे चारला उठायचे आणि उठून करायचं काय ते कळायचं नाही. घरातले डबे एका रांगेत लावायचे. मुलांनी चप्पल वाकडी काढली की ओरडायचे. मग संध्याकाळी प्यायला लागले. मी हे लिहितेय कारण याविषयी कोणी लिहीत नाही. प्रशिक्षण, कोर्स, कागद सगळं ठीक, पण माणूस दारूत असेल तर कागद ट्रंकेतच राहतो.

आम्ही पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. आधी दोन महिने भांडणात गेले. गेल्यावर मात्र सुटली, आठ वर्षं झाली. आता तर फौजी माणसांसाठी टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, वेगळा कक्षही पुण्यात एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात आहे. १४४१६ हा नंबर. फोनवर मराठीत बोलता येतं. ताई, काकांना झोप लागते का, हे एकदा विचारा. नोकरीबद्दल विचारता तसंच सहज विचारा.

आणि सैनिकाच्या बायकांसाठीही प्रशिक्षण असतं, वीरपत्नी आणि विधवांसाठी वेगळी मदत असते. आमच्या बाजूच्या वहिनींनी शिवणाचा कोर्स केला. मशीन आलं, पण गिऱ्हाईक कुठून आणायचं ते कोणी शिकवलं नव्हतं. तेव्हा एका शाळेच्या गणवेशाचं काम मिळवून दिलं आम्ही बायकांनीच.

सेक्टर_२० (खारघर), सोमवार, रात्री १०:०२

एक छोटी पण कामाची गोष्ट. खारघर, कामोठे, पनवेलमध्ये राहणाऱ्यांचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय रायगडचं, म्हणजे अलिबाग. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाण्यात. नवी मुंबई सगळी एकच समजून माझा एक दिवस फुकट गेला.

राज्य सरकारच्या गट क आणि गट ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्रात गट क १० टक्के, गट ड २० टक्के. मॅट्रिक पास आणि पंधरा वर्षं सेवा असेल तर केंद्राच्या गट क पदांसाठी पदवीधर धरतात. वयातही सवलत असते. काकांचं वय पाहता इथे किती उपयोग होईल ते ठाण्याच्या कार्यालयात विचारावं लागेल. मेस्को, म्हणजे माजी सैनिकांचं राज्य महामंडळ, तिथेही नाव नोंदवून ठेवा. कामं मुख्यतः सुरक्षा रक्षकाची, पण निदान खासगी एजन्सीपेक्षा बरी.

वस्तुस्थिती (ठाणे पश्चिम), मंगळवार, सकाळी ७:४५

निवारा_रात्रपाळी, खाटेचा मुद्दा पटला. मी कर सल्लागार आहे. काकांच्या कर्जाचे कागद कोणी पाठवले तर मी बघतो, फी नको.

डीजी_शिफ्ट_इंजिनिअर (महापे), मंगळवार, दुपारी १२:३०

धागा कालपासून वाचतोय. मी महाप्यात एका डेटा सेंटरमध्ये शिफ्ट बघतो. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आज डेटा सेंटर किती उभी राहिलीत ते ठाणे-बेलापूर रोडने जाणाऱ्याला दिसतंच. बाहेरून सगळं कॉम्प्युटरचं वाटतं, पण आत निम्मं काम वीज, डिझेल आणि थंड हवेचं आहे. मोठमोठे जनरेटर रांगेत उभे असतात. वीज गेल्यावर काही सेकंदांत ते उचलले पाहिजेत. ते सांभाळायला पाळीत माणसं लागतात आणि चांगली माणसं मिळत नाहीत. ही भरती कंपनी थेट करत नाही, फॅसिलिटीचा कंत्राटदार करतो.

खरं सांगायचं तर काकांसारखा अर्ज माझ्याकडे आला असता तर मी वाचलाही नसता. कारण अशा अर्जात काय असतं ते मला माहीत आहे. ‘माजी सैनिक, १७ वर्षे सेवा, शिस्तप्रिय, प्रामाणिक, कोणतेही काम करण्यास तयार.’ हे वाचून कंत्राटदाराचा माणूस तो कागद थेट सिक्युरिटीच्या गठ्ठ्यात टाकतो. ‘कोणतेही काम’ लिहिलं की गेटचंच काम मिळतं.

खाडीकाठची, काकांशी अर्धा तास बसा आणि हे विचारून लिहून घ्या: किती केव्हीएचे (किती क्षमतेचे) जनरेटर सेट चालवले, कोणत्या बनावटीचे. एकटा सेट की दोन-तीन जोडून. लॉगबुक कोण लिहायचं. किती माणसं हाताखाली होती. उंचीवर, थंडीत चालवलेत का. ओव्हरहॉल केलंय का, की फक्त ऑइल-फिल्टर. ही उत्तरं अर्जात पहिल्या चार ओळींत हवीत. ‘सेक्शन’ हा शब्द सिव्हिलच्या माणसाला कळत नाही. ‘आठ जणांच्या पाळीचा प्रमुख’ लिहा.

कागदांत दोन लागतील. एक, वीजतंत्रीचं प्रमाणपत्र, आयटीआयचं किंवा आरपीएलचं. आरपीएल म्हणजे येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन दिलेलं प्रमाणपत्र. त्याला वर्षभर वर्गात बसावं लागत नाही. वागळे इस्टेटच्या शासकीय आयटीआयमध्ये चौकशी करा. दोन, राज्याचा वायरमन परवाना. तो हातात असला की पगारात फरक पडतो. बाकी परमिट, लॉक लावून टॅग लावायची पद्धत, हे आम्ही जागेवर शिकवतो. लॉगबुक इंग्रजीत लिहावं लागतं, पण शब्द तीसेक आहेत.

वयाची अट आमच्याकडे कागदावर नाही. मेडिकल व्हावं लागतं. काकांना शनिवारी पाठवा, मी कंत्राटदाराच्या साइट मॅनेजरशी बोलतो. नोकरीचा शब्द देत नाही. हाताने काम करून दाखवायची संधी मिळेल एवढं नक्की.

दिवा_लोकल, मंगळवार, संध्याकाळी ६:१०

विषयांतर वाटलं तर क्षमस्व. माझा धाकटा भाऊ अग्निवीरच्या पहिल्या बॅचचा. चार वर्षं आता संपत आलीत. शंभरातले पंचवीस आत राहणार, बाकीचे बाहेर. हाती ११.७१ लाख, पेन्शन नाही. वय तेवीस. घरात सगळे त्या पैशांतून दिव्यात खोली घ्यायचं बोलताहेत. मला वाटतं त्याने आधी काहीतरी हातात घ्यावं. तो सिग्नल्सला आहे, ऑप्टिकल फायबर जोडतो.

डीजी_शिफ्ट_इंजिनिअर (महापे), मंगळवार, संध्याकाळी ६:५५

दिवा_लोकल, फायबर जोडणाऱ्याला या पट्ट्यात काम आहे. भावाला म्हणावं, आत आहे तोवर केलेल्या प्रत्येक कोर्सचा दाखला, प्रत्येक मशीनचं नाव लिहून ठेव. बाहेर आल्यावर ते आठवत नाही आणि परत मागायला जाणं कठीण जातं. खोलीचा विचार सहा महिन्यांनी करा.

मेकॅनिक_निवृत्त (कळवा), मंगळवार, रात्री ८:३०

याला दुजोरा. आणि तेवीस वर्षांचा मुलगा आहे, पुन्हा शिकू शकतो. आमच्या काळी छत्तिसाव्या वर्षी घरात दोन मुलं, म्हातारे आईवडील आणि पहिल्या महिन्यापासून खर्च. शिकायला सवडच नसायची.

खाडीकाठची (ऐरोली), गुरुवार, रात्री ११:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवसांत जे झालं ते लिहिते.

मंगळवारी रात्री काकांनी ट्रंक उघडली. वर घडी घातलेली हिरवी जर्सी, खाली प्लास्टिकच्या पिशवीत पिशवी, त्यात डिस्चार्ज बुक. पानांना कापराचा वास. ट्रेड इलेक्ट्रिशियन, क्लास एक. त्याखाली तीन कोर्स, एक जनरेटिंग सेटचा. मी विचारलं, हे एजन्सीला दाखवलंत का? म्हणाले, “त्यांनी फक्त आयकार्डची झेरॉक्स मागितली.”

मग डीजी_शिफ्ट_इंजिनिअर यांचे प्रश्न एकेक विचारत गेले. पहिल्या पाच मिनिटांत काका हो-नाही एवढंच बोलत होते. ‘थंडीत चालवलेत का’ म्हटल्यावर एकदम सुरू झाले. वर डिझेल घट्ट व्हायचं. बॅटऱ्या रात्री काढून स्वतःच्या तंबूत बुखारीजवळ (शेगडीजवळ) ठेवायचे, नाहीतर पहाटे सेट उचलत नाही आणि सेट उचलला नाही तर रेडिओ बंद. दोन बॅटऱ्यांच्या मध्ये झोपायचं. चौदा महिन्यांत सेट एकदाही बंद पडू दिला नाही. हे सांगताना त्यांचे हात हलत होते, जणू समोर मशीनच आहे. मी सगळं लिहून घेतलं, अर्ज दीड पानांचा झाला. ‘कोणतेही काम करण्यास तयार’ हे वाक्य त्यांना घालायचंच होतं. मी नको म्हटलं. थोडे हिरमुसले, मग बरं म्हणाले.

पेन्शनचं मेकॅनिक_निवृत्त यांनी सांगितलं तंतोतंत तसंच निघालं. स्पर्शवर नोंदवलेला नंबर त्यांच्या बायकोच्या नावावरचा होता, ती गेल्यावर बंद केलेला. मागच्या वर्षी दाखला दिला होता, पण त्यात बँक निवडलेली. एका केंद्रावर कोणीतरी भरून दिला होता, पावतीही जपून ठेवलीय. आज नवा नंबर टाकायचा अर्ज केला आणि दाखला पुन्हा दिला. चेहरा तीनदा जुळला नाही, टोपी काढल्यावर जुळला.

घणसोलीच्या वहिनी, झोपेचं विचारलं. म्हणाले, “रात्रपाळी आहे, झोपायचा प्रश्नच येत नाही.” मग थोडं थांबून म्हणाले, दिवसाही लागत नाही. नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये घातलाय. दारूचं विचारायचं धाडस झालं नाही माझं. तुमचे मिस्टर एकदा बोलतील का त्यांच्याशी?

घणसोलीची_वहिनी, गुरुवार, रात्री ११:४५

बोलतील काय, रविवारी घरी घेऊनच या. मी भाकरी आणि झुणका करते. फौजी माणसं एकत्र बसली की आपण विचारायची गरजच पडत नाही.

निवारा_रात्रपाळी (ठाणे), शुक्रवार, सकाळी ८:०५

एक तारखेला छपराची सोय झाली नाही तर मला कळवा. निवाऱ्यात थोड्या दिवसांसाठी जागा करता येईल. ट्रंक आमच्या ऑफिसात कुलपात राहील. काकांना हे आधीच सांगून ठेवा. ऐनवेळी सांगितलं तर अशी माणसं निवाऱ्यात यायच्याऐवजी स्टेशनवर जाऊन बसतात.

खाडीकाठची (ऐरोली), शुक्रवार, रात्री ९:४०

सांगितलं. मानेने हो म्हणाले.

आज कमिटीची बैठक झाली. मी डिस्चार्ज बुकाचं ते पान सगळ्यांना दाखवलं. मीटर रूम एक तारखेला रिकामी करायची हे कायम. पण क्लबहाउसच्या मागची छोटी खोली दोन महिन्यांसाठी द्यायचं ठरलं. त्याबदल्यात काका सोसायटीच्या जनरेटरची देखभाल बघतील आणि त्याचे वेगळे पैसे मिळतील. लिफ्टमध्ये अडकलेल्या आजींचा मुलगा पहिला बोलला.

उद्या सकाळी दहा वाजता महापे. काकांनी आज दाढी केली, कटिंग केली. आत्ता रात्री फोन आला की साइटवर सेफ्टी शूजशिवाय आत सोडत नाहीत, आणि काकांकडे फक्त चपला आणि ड्युटीचे फाटके बूट आहेत. दुकानं बंद झालीत. ऐरोली, रबाळे, घणसोली भागात कोणाकडे आठ नंबरचे सेफ्टी शूज आहेत का?

मेकॅनिक_निवृत्त (कळवा), शुक्रवार, रात्री ९:५२

माझे आठच आहेत. मागच्याच महिन्यात यार्डातून नवे मिळालेत, अजून घातले नाहीत. सकाळी साडेआठला ऐरोली स्टेशनवर तिकीट खिडकीपाशी उभा राहतो. मोजे पण आणतो.